दूध, पाणी आणि सुवर्णगणित : स्पर्धा परीक्षांतील द्रव-मिश्रणाच्या उदाहरणांची समीक्षा

प्रस्तावना

स्पर्धा परीक्षांच्या अंकगणितात द्रव-मिश्रणावरील शेकडेवारीच्या उदाहरणांचे स्थान जुने आणि जवळजवळ अढळ आहे. बँकेच्या लिपिक पदाच्या परीक्षेपासून व्यवस्थापन शास्त्राच्या प्रवेश परीक्षेपर्यंत दूध-पाणी, आम्ल-पाणी, मद्यार्क-पाणी या जोड्या पुन्हा पुन्हा भेटतात. संघ लोकसेवा आयोगाने २०११ साली नागरी सेवा पूर्वपरीक्षेत आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने २०१३ साली राज्यसेवा पूर्वपरीक्षेत कल चाचणीचा पेपर आणला. दहावीनंतर गणिताशी संबंध सुटलेल्या कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही तेव्हापासून या उदाहरणांकडे परत वळावे लागले. संघ लोकसेवा आयोगाने २०१५ पासून हा पेपर ३३ टक्के गुणांच्या पात्रतेपुरता ठेवला खरा. परंतु तो उंबरठा ओलांडता आला नाही, तर सामान्य अध्ययनाची उत्तरपत्रिका तपासणीच्या बाहेरच राहते. ८० प्रश्न आणि १२० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. या दीड मिनिटात विद्यार्थी नेमके काय करतो, आणि त्याला काय करावयास शिकविले जाते, हा प्रस्तुत समीक्षेचा विषय होय.

एक तत्त्व आणि अनेक 'प्रकार'

द्रव-मिश्रणाच्या सर्व उदाहरणांच्या मुळाशी एकच विधान आहे : मिश्रणाचे एकूण प्रमाण बदलले, तरी जो घटक घातला किंवा काढला गेला नाही, तो जितका होता तितकाच राहतो. २० टक्के आम्ल असलेल्या ३० लिटर द्रावणात ६० टक्के आम्ल असलेले १० लिटर द्रावण मिसळले, तर आम्ल ६ अधिक ६ असे १२ लिटर होते, द्रावण ४० लिटर होते आणि आम्लाचे प्रमाण ३० टक्के येते. घाईत असलेला विद्यार्थी २० आणि ६० यांची सरासरी काढून ४० टक्के हे उत्तर निवडतो, आणि ४० हा आकडा पर्यायांत हमखास असतो. १५ टक्के मिठाच्या ८ लिटर द्रावणातून २ लिटर पाणी आटविले, तर मीठ १.२ भागच राहते, द्रावण ६ भाग उरते आणि प्रमाण २० टक्के होते. दोन्ही उदाहरणांचा विचार एकच आहे.

बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शक पुस्तकांत मात्र या एका विचाराचे डझनभर 'प्रकार' पाडलेले दिसतात : दोन द्रावणे मिसळणे, पाणी घालणे, पाणी आटविणे, काढून भरणे, भांडी बदलणे. प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र सूत्र आणि प्रत्येक सूत्राला चौकट. परिणामी विद्यार्थ्याचे पहिले काम उदाहरण समजून घेणे हे न राहता त्याचा प्रकार ओळखणे हे होऊन बसते. वीस प्रकार पाठ केलेला विद्यार्थी एकविसाव्या प्रकारापुढे हतबल होतो, याचे आश्चर्य वाटावयास नको.

फुलीची रीत व तिचे मूळ

या सूत्रांतील सर्वांत लोकप्रिय ती फुलीची रीत. डाव्या बाजूस दोन टक्केवाऱ्या, मध्ये अपेक्षित टक्केवारी आणि तिरक्या वजाबाकीने मिळणारे गुणोत्तर. ही रीत म्हणजे शिकवणी वर्गांची अलीकडची युक्ती, असा समज शिक्षकवर्गातही आढळतो. वस्तुस्थिती तशी नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) मिश्रव्यवहाराच्या प्रकरणात सुवर्णगणित येते. १६ आणि १० वर्णांच्या दोन सोन्याच्या गुटिका एकत्र वितळविल्यावर १२ वर्णाचे सोने झाले, तर प्रत्येकीचे वजन किती, असे तेथे विचारले आहे. इष्ट वर्ण आणि कमी वर्ण यांतील अंतर २ हे जास्त वर्णाच्या सोन्याचे मान, तर जास्त वर्ण आणि इष्ट वर्ण यांतील अंतर ४ हे कमी वर्णाच्या सोन्याचे मान. ही फुलीचीच रीत आहे.

त्याच प्रकरणातील दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. १३, १२, ११ आणि १० वर्णांचे अनुक्रमे १०, ४, २ आणि ४ मासे सोने एकत्र केले. वजन आणि वर्ण यांच्या गुणाकारांची बेरीज २४० येते. तिला एकूण २० माशांनी भागले की १२ वर्ण मिळतो. पुढे विचारले आहे की, हेच २० मासे शोधनानंतर १६ मासे उरले तर वर्ण कोणता? २४० ला १६ ने भागून उत्तर १५ येते. हीणकस जळून गेले, सोने तेवढेच राहिले. पाणी आटविण्याचे वर दिलेले उदाहरण याहून वेगळे नाही. मिसळणे आणि आटविणे भास्कराचार्यांनी एकाच २४० वर उभे केले. आजच्या पुस्तकांत ती दोन वेगळ्या पानांवर, दोन वेगळ्या सूत्रांखाली आढळतात. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखामुळे या गणितीच्या घराण्याचा महाराष्ट्राशी असलेला संबंध परिचित आहे. त्याच्या पद्धतीचा परिचय मात्र तेवढा राहिलेला नाही.

दोष फुलीचा नव्हे. दुग्धव्यवसायात हीच रीत 'पिअर्सनचा चौकोन' या नावाने रोज वापरली जाते. ६ टक्के स्निग्धांशाचे म्हशीचे दूध आणि ०.५ टक्के स्निग्धांशाचे साय काढलेले दूध यांपासून ३ टक्क्यांचे टोण्ड दूध करावयाचे असल्यास प्रमाण २.५ ला ३, म्हणजे ५ ला ६ असे पडते. ११ लिटरमध्ये ३० आणि ३ मिळून ३३ एकके, म्हणजे बरोबर ३ टक्के. हा पडताळा करून पाहिलेला विद्यार्थी फुली विसरला तरी अडत नाही.

भाषेचा प्रश्न

या उदाहरणांत गणिताइतकीच, किंबहुना गणिताहून अधिक, कसोटी भाषेची लागते आणि तिच्याकडे फारसे लक्ष दिले गेलेले नाही. ४० लिटर दुधात १० लिटर पाणी घातले. पाणी दुधाच्या २५ टक्के आहे आणि मिश्रणाच्या २० टक्के आहे. 'दुधात २५ टक्के पाणी मिसळले' या वाक्याचा अर्थ मराठी वाचक दोन्ही प्रकारे लावू शकतो. 'च्या' या प्रत्ययाने जो आधार स्पष्ट होतो, तो 'त' या प्रत्ययाने झाकला जातो. प्रश्न इंग्रजीत तयार करून मराठीत उतरविला गेला, की हा आधार हरवण्याचा संभव वाढतो. चूक मात्र विद्यार्थ्याच्या खाती जमा होते, आणि ऋण गुणांसह होते. गौळी खरेदीच्याच भावाने मिश्रण विकून २५ टक्के नफा मिळवितो, या सर्वश्रुत उदाहरणात हाच गुंता आहे. तेथील उत्तर २० टक्के. (अंकगणितातील गौळी पिढ्यान्‌पिढ्या भेसळ करीत आला आहे, याबद्दल कोणी प्रश्नकर्ता संकोचलेला दिसत नाही.)

काढून भरण्याच्या उदाहरणांत 'मिश्रण काढले' आणि 'दूध काढले' यांतील भेद निर्णायक असतो. ४० लिटर दुधातून ४ लिटर काढून तितकेच पाणी भरले आणि ही क्रिया एकूण तीन वेळा केली, तर दूध २८ लिटर उरत नाही, २९.१६ लिटर उरते. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी काढलेल्या ४ लिटरमध्ये पाणीही असते. प्रत्येक वेळी असलेल्या दुधाचा नऊ-दशांश भाग राहतो, एवढे ध्यानात आले की ४० वरून ३६, ३६ वरून ३२.४ आणि त्यावरून २९.१६ ही पायरी तोंडी चढता येते. घातांकाचे सूत्र त्यानंतर सांगावे. सध्या ते आधी सांगितले जाते.

वास्तव आणि गृहीतक

या उदाहरणांतील 'शुद्ध दूध' ही कल्पनाही तपासण्याजोगी आहे. गाईच्या दुधात मुळातच सुमारे ८७ टक्के पाणी असते. तसेच ५० मिलिलिटर मद्यार्क आणि ५० मिलिलिटर पाणी एकत्र केले तर १०० नव्हे, सुमारे ९६ ते ९७ मिलिलिटर द्रव मिळतो. वस्तुमानाची बेरीज होते, आकारमानाची होईलच असे नाही. अंकगणिताने हे गृहीतक सोडावे असा आग्रह नाही, पण प्रश्नात 'आकारमानाने' की 'वजनाने' एवढा एक शब्द लिहिण्यास जागा लागत नाही. वजनाने विचारावयाचे तर दुधाचीच गरज आहे असेही नाही. तासगावच्या बेदाण्याचे उदाहरण घेता येईल : ८० टक्के पाणी असलेली १०० किलो द्राक्षे वाळवून १५ टक्के पाणी असलेला बेदाणा किती होईल? घन भाग २० किलो. तो बेदाण्याच्या ८५ टक्के. म्हणून बेदाणा सुमारे २३.५ किलो. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा, हा बागायतदाराचा अंदाज विद्यार्थ्याच्या घरात असतो, आणि त्यावर तो आपले उत्तर स्वतःच पडताळू शकतो.