यावत्तावत् आणि जितके-तितके : बीजगणिताच्या उजळणीतील भाषेचा प्रश्न

महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्याला शाळेतील बीजगणित नव्याने शिकवावे लागते, ही गोष्ट आता अपवादाची राहिलेली नाही. दहावीनंतर कला शाखेकडे वळलेला, अथवा वाणिज्य शाखेत राहूनही अकरावीला गणिताऐवजी दुसरा विषय घेतलेला विद्यार्थी दोन-तीन वर्षांनी व्यापारी गणिताच्या, अर्थशास्त्रातील संख्याशास्त्राच्या किंवा स्पर्धा परीक्षेतील गणिती प्रश्नांच्या निमित्ताने पुन्हा त्याच समीकरणापुढे येऊन उभा राहतो. त्याच्यासाठी उजळणीचे वर्ग भरविले जातात. या वर्गांचा आरंभ बहुधा चिन्हांच्या नियमांनी होतो, पुढे विस्तारसूत्रे येतात, आणि शाब्दिक उदाहरणे अखेरच्या आठवड्यासाठी राखून ठेवली जातात. तेथे विद्यार्थी अडखळला की तो गणितात कच्चा आहे असा निष्कर्ष निघतो. हा निष्कर्ष फार घाईचा आहे. जे अडते ते पुष्कळदा गणित नसून वाचन असते. आणि ज्या मराठीला या ठिकाणी अडसर मानले जाते, तिची वाक्यरचना समीकरणाला प्रत्यक्षात इंग्रजीहून जवळची आहे.

उदाहरणादाखल खर्ड्याकडे पाहावे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यातील हे गाव इतिहासाच्या विद्यार्थ्यांना १७९५ मधील मराठे व निजाम यांच्या लढाईमुळे परिचित आहे. परंतु इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअरने त्याची नोंद व्यापारी गाव म्हणूनही घेतलेली आहे : बालाघाटाकडून आणि आसपासच्या खेड्यांतून आलेले धान्य व गावठी कापड येथून पश्चिमेकडे जात असे. अशा गावातील शेतकऱ्याच्या घरात बीजगणित हा शब्द कोणी उच्चारीत नसेल. समीकरण मात्र हंगामात हमखास सुटते. ५ क्विंटल तूर घातली, हमाली-तोलाईचे २५० रुपये कापले गेले आणि हातात ३४,७५० रुपये पडले, तर क्विंटलला काय भाव लागला? हिशोबपट्टी हरवली असली तरी हे गणित तोंडी होते. कापलेले २५० परत मिळवायचे, झालेल्या ३५,००० चे पाच भाग करायचे. भाव ७,००० निघतो. त्याच घरातील मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयात ५क्ष − २५० = ३४,७५० हे समीकरण पाहून थबकते, तेव्हा तिला क्रिया येत नाही असे म्हणता येत नाही. क्रिया तिच्या भाषेत आहे. फळ्यावर मात्र ती त्या भाषेतून आलेली नाही.

हे नुसते भावनिक विधान नव्हे. त्याला वाक्यरचनेचा आधार आहे. इंग्रजीतील ‘फाइव्ह लेस दॅन एक्स’ ही पदावली डावीकडून उजवीकडे जशीच्या तशी उतरविली तर ५ − क्ष मिळते, आणि ते चूक असते. ‘सबट्रॅक्ट फाइव्ह फ्रॉम एक्स’ याचीही तीच गत. मराठीत ‘क्षपेक्षा ५ ने कमी’ किंवा ‘क्षमधून ५ वजा’ असे म्हटले की आधी क्ष येतो, मग ५ येतात, मग क्रिया येते. क्ष − ५ हे त्याच क्रमाने कागदावर पडते. मराठीत विशेषणे, षष्ठ्यंत पदे व तुलनेची पदे मुख्य पदाच्या आधी येतात, तर इंग्रजीत त्यांतील काही नंतर. म्हणून पायऱ्या वाढल्या तरी मराठीचा क्रम ढळत नाही. ‘दोन संख्यांची बेरीज ३० आहे, मोठी संख्या लहान संख्येच्या दुपटीपेक्षा ३ ने कमी आहे’ हे उदाहरण घ्यावे. त्याच्या उत्तरार्धात लहान संख्या, तिची दुप्पट, तीतून ३ कमी, असा शब्दांचाच क्रम क्रियांचा क्रम आहे : २ल − ३. बेरीज ३० धरल्यावर ल = ११ आणि मोठी संख्या १९ येते. इंग्रजीत हेच वाक्य ‘थ्री लेस दॅन ट्वाइस द स्मॉलर’ असे होते आणि क्रिया करण्यासाठी ते शेवटाकडून आरंभाकडे वाचावे लागते. निम-इंग्रजी वर्गात शिकलेला विद्यार्थी हा उलटा प्रवास पाठांतराने करतो; पाठांतर विसरले की प्रवासही विसरतो.

या संदर्भात अमेरिकेतील एका प्रसिद्ध प्रयोगाचा उल्लेख आवश्यक आहे. १९८० च्या सुमारास क्लेमंट, लॉकहेड व मंक या अभ्यासकांनी अभियांत्रिकीच्या नवागत विद्यार्थ्यांना एक साधे वाक्य समीकरणात मांडावयास सांगितले : एका विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत. एकतृतीयांशाहून अधिक विद्यार्थ्यांचे उत्तर चुकले, आणि चुकलेल्यांपैकी बहुसंख्यांनी समीकरण उलटे लिहिले, म्हणजे विद्यार्थ्यांच्या संख्येला सहाने गुणून ती प्राध्यापकांच्या संख्येइतकी ठरविली. इंग्रजी वाक्यात ‘सहा’ आणि ‘विद्यार्थी’ हे शब्द शेजारी येतात, हे त्याचे एक कारण. मराठी वाक्यात प्राध्यापक, सहापट, विद्यार्थी हा क्रम आहे; तो जसाच्या तसा लिहिला तर प × ६ = व हे शुद्ध समीकरण तयार होते. ज्या वाक्याने अमेरिकन विद्यार्थ्यांना चकविले, तेच वाक्य मराठीत उत्तर हातात ठेवते. बीजगणिताच्या उजळणीत इंग्रजी वाक्याने आरंभ करणे म्हणजे ही आयती सोय दाराबाहेर ठेवून आत जाणे होय.

मात्र येथे अतिउत्साह नको. मराठीचा क्रम अनुकूल आहे, पण तो बांधलेला नाही. ‘२० ला ५ ने भागा’ आणि ‘५ ने २० ला भागा’ या दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच. कारण अर्थ स्थानावर नव्हे तर विभक्तीवर अवलंबून आहे. जो विद्यार्थी केवळ क्रमाने वाचतो तो दुसऱ्या वाक्यात पाचाला विसाने भागतो. तेव्हा मराठीतून बीजगणित शिकविणे म्हणजे क्रमावर विसंबणे नव्हे, तर प्रत्यय वाचावयास शिकविणे होय. शाळेत कंठस्थ केलेला आणि परीक्षेनंतर टाकून दिलेला विभक्तीचा तक्ता गणिताच्या तासाला उपयोगी पडावा, ही गोष्ट व्याकरणाच्या अध्यापकांनाही कदाचित अनपेक्षित वाटेल.

त्यातही ‘ने’ हा प्रत्यय सर्वांत धोक्याचा. ‘५ ने मोठा’ येथे तो बेरीज सुचवितो, ‘५ ने गुणा’ येथे गुणाकार, ‘५ ने भागा’ येथे भागाकार. ‘तिप्पट झाले’ याचा अर्थ निश्चित आहे; ‘तिपटीने वाढले’ याचा नाही. मूळ १०० असतील तर ते ३०० झाले की ४००? वृत्तपत्रे हा प्रयोग सर्रास करतात आणि वाचकही तो निमूटपणे सोडून देतात. परीक्षेतील विद्यार्थ्याला ती मुभा नसते. टक्केवारीत हाच ‘ने’ अनेकवचनी ‘नी’ होऊन येतो आणि आपला आधार लपवितो. ‘किंमत २० टक्क्यांनी वाढून ६०० रुपये झाली’ या वाक्यात कशाचे वीस टक्के, हे सांगणारे ‘मूळ किमतीच्या’ हे षष्ठ्यंत पद गाळलेले आहे. ते मनात न भरता सोडविणारा विद्यार्थी ६०० चे वीस टक्के काढून ४८० हे उत्तर देतो; वास्तविक मूळ किंमत ५०० आहे. ही चूक गणिताची म्हणून मोजली जाते. ती अध्याहृत पद न ओळखण्याची चूक आहे.

आणखी एक अडचण क्रियापदाची. मराठी वाक्याचा ‘आहे’ शेवटी येतो, तर बरोबरचे चिन्ह दोन बाजूंच्या मध्ये बसते. ‘विद्यार्थी प्राध्यापकांच्या सहापट आहेत’ या वाक्यात ‘विद्यार्थी’ या उद्देश्यानंतर समतेची खूण द्यावयाची असते, परंतु त्या जागी वाक्यात एकही शब्द नसतो. उद्देश्य आणि विधेय यांची फोड करता आली तरच चिन्हाची जागा सापडते. प्राचीन भारतीय पद्धतीत समीकरणाचे दोन पक्ष एकाखाली एक मांडीत, मध्ये चिन्ह नसे. उद्देश्य वर आणि विधेय खाली लिहिण्याची ही रीत मराठी वाक्याला अधिक सोयीची आहे, आणि उजळणीच्या पहिल्या काही तासांपुरती ती वापरून पाहण्यास हरकत नसावी. ‘अलीकडचा अधिक पलीकडे गेला की उणे होतो’ हे वर्गावर्गांतून घुमणारे वाक्य तरी त्यामुळे लांबणीवर पडेल. संख्या कोठेही जात नाही, दोन्ही पक्षांतून सारखेच वजा केले जाते, ही गोष्ट त्या वाक्याने जितकी झाकली आहे तितकी दुसऱ्या कशानेही झाकलेली नाही.

परंतु उपर्युक्त प्रयोगाचा मुख्य धडा अद्याप बाकी आहे. शब्दक्रमाची भूल नसतानाही अनेकांनी समीकरण उलटेच लिहिले, असे क्लेमंट यांच्या पुढील निरीक्षणात आढळले. कारण अक्षराकडे ते संख्या म्हणून पाहत नव्हते, वस्तूची खूण म्हणून पाहत होते. त्यांच्या दृष्टीने ‘६व’ म्हणजे सहा विद्यार्थी. मराठी विद्यार्थ्यावर तर या खुणेचा संस्कार दुहेरी असतो, वहीखात्यात ‘रु.’, ‘कि.’, ‘पो.’ अशी आद्याक्षरे पिढ्यानपिढ्या वस्तूंच्या व परिमाणांच्या जागी लिहिली गेली आहेत. येथे शब्दक्रम सोडवणूक करू शकत नाही. अक्षर म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूंची अज्ञात संख्या, हे वेगळे शिकवावे लागते.

ते शिकविण्याचे साधन भास्कराचार्यांच्या परिभाषेत आहे. ११५० मध्ये पूर्ण झालेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या ‘बीजगणित’ या भागात पहिल्या अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हटले आहे. त्यानंतरच्या राशींना कालक, नीलक, पीतक, लोहितक अशी वर्णनामे आहेत. ‘या’, ‘का’, ‘नी’ ही त्यांची संक्षिप्त रूपे, आणि ज्ञात संख्येसाठी ‘रू’. म्हणून आजचे ३क्ष + ५ तेथे ‘या ३ रू ५’ असे होते. पहिल्या नावाकडे भाषाभ्यासकाने विशेष लक्ष द्यावे. ‘यावत्… तावत्’ म्हणजे ‘जितके… तितके’. नाम नव्हे, परिमाणवाचक संबंधी सर्वनामांची जोडी. अज्ञाताला वस्तूचे नाव न देता ‘जितके असेल तितके’ असे म्हणणे, हीच चलाची व्याख्या आहे. आणि ही रचना मराठीत केवळ जिवंत आहे असे नव्हे, तिच्यावाचून बाजार चालत नाही. जेवढी पोती तेवढी हमाली, हे खर्ड्याच्या पेठेत कोणाला समजावून द्यावे लागत नाही. ‘जितके प्राध्यापक, त्याच्या सहापट विद्यार्थी’ असे वाक्य बदलून घेतले की अक्षर कोणत्या शब्दाच्या जागी येते ते स्पष्ट होते : ‘प्राध्यापक’ या शब्दाच्या नव्हे, ‘जितके’ या शब्दाच्या. आजच्या पाठ्यपुस्तकांतील ‘चल’ ही संज्ञा नेटकी आहे, परंतु ती चलनाची कल्पना देते, संख्येची नाही. दहावीच्या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ हे आहे. तेथपर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्यालाही चल म्हणजे काय असे विचारले तर ‘एक्स’ असे उत्तर मिळण्याचा संभव दाट आहे.

भाषा आणि गणित यांच्या या फारकतीला मराठी मुलखात जुना दाखलाही आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळील पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. त्या मठाच्या दानाचा शके ११२८ चा शिलालेख बहुतांशी संस्कृतात आहे. परंतु बाजारातील मालावरचे कोणते उत्पन्न मठाला मिळावे हे सांगणारा भाग मराठीत आहे, आणि मराठीच्या प्राचीन लेखांत तो गणला जातो. विद्या संस्कृतात शिकविली जाई. माप मात्र ज्यांना द्यावयाचे त्यांना कळेल अशा भाषेत कोरले गेले. आज संस्कृतच्या जागी इंग्रजी आली आहे, एवढाच फरक. मठाच्या काळी या दोन भाषांमध्ये ये-जा करू शकणारे लोक मोजके होते, आणि शिक्षणही मोजक्यांपुरतेच होते. आता ते तसे नाही.

भाषेत हात घातला की लोक बिथरतात, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘तेवीस’बरोबर ‘वीस तीन’ असे वाचन आले, तेव्हा केवढे वादळ उठले! मंगला नारळीकर यांनी त्यामागील गणिती कारण शांतपणे सांगितले. ऐकणारे थोडे होते. ‘जितके-तितके’ला तो धोका नाही. तेथे नवे काही घडवायचे नसून असलेले वापरायचे आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, अवयव पाडणे, अपूर्णांकांचे सुलभीकरण, ऋण संख्यांचे गुणाकार यांत भाषेचा काही उपयोग नाही. हा आक्षेप खरा आहे. तेथे सरावच हवा, आणि तो भरपूर हवा. दुसरा आक्षेप असा की, विद्यार्थ्याला अखेर इंग्रजी पुस्तकच वाचावयाचे आहे, मग मराठीचा वळसा कशाला? परंतु ‘थ्री लेस दॅन ट्वाइस द स्मॉलर’ हे वाक्य उलट वाचावे लागते, हे ज्याला मराठी वाक्याच्या तुलनेने एकदा दिसले तो ते वाचू शकतो. ज्याला सूत्र म्हणून दिले गेले तो त्याच साच्याचे पुढचे वाक्य आले की पुन्हा अडतो. इंग्रजी वाक्य वर्गात यावेच, पण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, आणि शेजारी मराठी वाक्य लिहून यावे, म्हणजे कोणता शब्द कोठे सरकला हे बोट ठेवून दाखविता येईल. स्पर्धा परीक्षांच्या द्विभाषी प्रश्नपत्रिका या कामासाठी तयार साहित्य आहेत. त्यांतील मराठी पुष्कळदा इंग्रजीच्या मागे फरफटत गेलेले असते; ते दुरुस्त करून मग सोडविणे हा विद्यार्थ्यांसाठी बीजगणिताचा व मराठीचा एकत्र अभ्यास होईल, आणि तो कोणत्या विभागाने घ्यावा याचा निर्णय दोन्ही विभागांनी एकत्र बसून करावा लागेल.