चौथ्या पानावरचं घर

समीक्षकाच्या तावडीत पूर्वी पुस्तकं, नाटकं, गाणी आणि शेजारी एवढेच विषय सापडत. आता त्यात आणखी एका साहित्यप्रकाराची भर घालायला हरकत नाही. तो म्हणजे यादी. सुट्टीत भाड्यानं घर देणाऱ्या ॲपवर आपण गावाचं नाव, तारखा आणि माणसं टाकतो, आणि क्षणात घरांची एक यादी पुढ्यात येते, ती ही यादी. तिचा लेखक अज्ञात असतो, रचनेचे नियम गुप्त असतात आणि वाचक पहिल्या पानापलीकडे सहसा जात नाही. हे वर्णन आमच्याकडच्या काही कवितासंग्रहांनाही लागू पडेल, पण कवितासंग्रहाच्या पानावर कुणाच्या कर्जाचा हप्ता अवलंबून नसतो. या यादीवर असतो. म्हणून तिची समीक्षा व्हायला पाहिजे, आणि ती घुग्घुसच्या माणसानं करावी हे अधिक योग्य.

कारण घुग्घुसचा माणूस या बाबतीत निःपक्षपाती आहे. आमच्या गावात कोळसा आहे, सिमेंट आहे, लोखंड आहे, वर्धा नदी आहे, ट्रक तर इतके आहेत की मोजणाराच थकतो. पर्यटक तेवढे नाहीत. आमच्याकडे पाहुणा येतो तो बदली होऊन. त्यातून एखाद्यानं हौसेनं यायचं ठरवलंच, तर रोमन लिपीत आमच्या गावाचं नाव तीन-चार तऱ्हांनी लिहितात, त्यामुळे शोधता शोधता त्याची रजा संपते. तेव्हा या यादीत वर येण्याची मला आशा नाही आणि खाली जाण्याची भीती नाही. टीकाकाराला यापेक्षा चांगली बैठक कोणती मिळणार?

परंतु माझे साडभाऊ मोहर्लीला असतात. मोहर्ली म्हणजे ताडोबाच्या दारातलं गाव. तिथे त्यांनी राहत्या घराला लागून दोन खोल्या बांधल्या, पंखे लावले, कुलर आणले (चंद्रपूरच्या उन्हाळ्यात कुलर ही चैन नव्हे, तो प्रथमोपचार आहे), आणि खोल्या एका ॲपवर चढवल्या. ॲपचं नाव मुद्दाम घेत नाही. दोन हंगाम बरे गेले. मग एका संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"भाऊ, आपलं घर सापडून नाई राहिलं."

"म्हणजे? मोहर्लीतच आहे ना?"

"मोहर्लीत हाय जी. मोबाइलमंदी नाई."

चौकशीअंती कळलं की घर यादीत होतं, पण चौथ्या पानावर. आदल्या आठवड्यापर्यंत ते पहिल्या पानावर होतं. मधल्या काळात घर हललं नव्हतं, वाघही फारसे हलले नव्हते. हलली होती ती शोधण्याची पद्धत. 'आमचा शोध आता अधिक चांगला झाला आहे' असा एक आनंदी निरोप तेवढा येऊन पडला होता. लग्नाच्या पंगतीत आपलं पान उचलून मांडवाबाहेर ठेवावं आणि वर 'आता वाढप अधिक चांगलं झालं आहे' असं सांगावं, त्यातलाच हा प्रकार.

एक गोष्ट आधीच कबूल केली पाहिजे. यादी म्हटली की क्रम आला. शंभर घरं एकदम पहिली येऊ शकत नाहीत, हे पहिलीच्या वर्गातल्या मुलालाही कळतं, त्याच्या आईला जरा उशिरा कळतं एवढंच. शिवाय पाहुण्याच्या बाजूनं पाहिलं तर क्रम लावणं ही सोयच आहे. पूर्वी अनोळखी गावात एसटीतून उतरलं की रिक्षावाला 'चांगल्या लॉजवर नेतो' म्हणायचा. ते लॉज कुणासाठी चांगलं, हे आत गेल्यावर समजायचं. त्या मानानं दहा लोकांचे अभिप्राय वाचून खोली घेता येणं ही प्रगतीच झाली. आक्षेप क्रमाला नाही. तो कसा लागतो ते सांगायचं नाही, आणि सवयीचा झाला की बदलायचा, याला आहे.

आता या बदलांचा थोडा इतिहास. एअरबीएनबी ही अमेरिकन कंपनी २००८ सालची. तिच्याच अभियंत्यांनी २०१८ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात सांगितलं आहे की सुरुवातीला घरांचा क्रम माणसांनी हातानं बांधलेल्या गुणांच्या सूत्रावर लागत असे. पुढे ते काम यंत्राकडे गेलं आणि नंतर मेंदूच्या धर्तीवर शिकणाऱ्या यंत्रजालाकडे. म्हणजे आधी निदान हेडमास्तर गुण देत होते. नंतर हेडमास्तर निवृत्त झाले आणि शाळाच गुण देऊ लागली. मग मे २०२२ मध्ये कंपनीनं शोधाची तऱ्हाच बदलली आणि हा दशकातला सर्वांत मोठा बदल असल्याचं स्वतःच जाहीर केलं. गावाचं नाव विचारण्याऐवजी घरांचे ५६ प्रकार पुढे मांडले. किल्ले, गुहा, बेटं, झाडावरची घरं, चिमुकली घरं, राष्ट्रीय उद्यानं, अद्भुत दृश्यं, आणि नुसतं तोंडात बोट घालायला लावणारी घरं असाही एक प्रकार!

हे वाचून साडभाऊंच्या पुतण्यानं ताबडतोब अंगणातल्या मोहाच्या झाडाकडे पाहिलं. त्याला मोठ्या मिनतवारीनं खाली उतरवावं लागलं. पण त्या पोराची चूक नव्हती. ज्याला किल्ला आहे त्यानं किल्ला दाखवावा, ज्याला समुद्र आहे त्यानं समुद्र. ज्याच्याकडे दोन स्वच्छ खोल्या, गरम पाणी आणि चुलीवरची भाकर आहे, त्यानं कुठल्या कप्प्यात बसायचं? 'साधं घर' हा प्रकार काही त्या मांडणीत ठळक नव्हता. अद्भुत दृश्यच म्हणाल तर रात्री आमच्या गच्चीवरून दिसणारी कारखान्यांच्या दिव्यांची आरास मी केव्हाही द्यायला तयार आहे, वर धूर फुकट.

नंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये पाहुण्यांच्या आवडत्या घरांना वेगळं बोधचिन्ह आलं. अशी वीस लाख घरं निवडली गेली. चिन्ह मिळालेल्याचं अभिनंदन केलं पाहिजे. पण एका घराला चिन्ह लावलं की शेजारच्या घराला 'नावडतं' अशी पाटी न लावताही लागते. आवडती आणि नावडती राणी आपल्याकडे गोष्टीत असायच्या, पण त्या गोष्टीत शेवटी नावडतीचं मीठ कामाला यायचं.

गुणांची तऱ्हा तर आणखी गमतीची आहे. तिथे उत्तम यजमानाचा दर्जा मिळायला पाचपैकी सरासरी ४.८ लागतात. म्हणजे पाच पाहुण्यांपैकी चौघांनी पाच आणि एकानं चार दिले तर आपण काठावर पास. टक्केवारीत सांगायचं तर ९६. आता ज्या महाराष्ट्रात ६० टक्क्यांना फर्स्ट क्लास म्हणत आणि ७५ ला पेढे वाटत, तिथल्या माणसाच्या हाती ही मोजपट्टी द्यायची! आपल्याकडचा पाहुणा मनापासून खूश झाला तर 'बरं होतं' म्हणतो. फारच भारावला तर चार तारे देतो. पाच देवाला. साडभाऊंच्या खात्यावर असा एक अभिप्राय आहे: जेवण उत्तम, खोली स्वच्छ, माणसं लाख मोलाची, चार तारे. हे स्तुतिपत्र नव्हे, हा अपघात आहे. दुसऱ्या एका गृहस्थांनी तीन तारे दिले, कारण वाघ दिसला नाही. वाघाचे गुण घरातून वजा झाले. वाघाला अभिप्राय देण्याची सोय असती, तर पाहुण्यांपैकी किती जण उत्तीर्ण झाले असते हा वेगळा प्रश्न आहे.

शिवाय ताडोबाचं स्वतःचं पंचांग आहे. मंगळवारी गाभ्यातली सफारी बंद. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर गाभ्याचे दरवाजे बंद. त्या दिवसांत मोहर्लीतल्या खोल्या रिकाम्या राहतात त्या यजमान वाईट आहे म्हणून नव्हे. लोकप्रियता मोजणाऱ्या यंत्राला ही वाघांची सुट्टी कुणी कळवते का, हे साडभाऊंनी ॲपला इंग्रजीत लिहून विचारलं. उत्तर आलं, 'आपण किंमत कमी करून पाहिलीत का?'

"काऊन जी," साडभाऊ म्हणाले, "म्या विचारलं वाघाचं, अन् हे सांगून राहिले भावाचं!"

इथे विनोद जरा बाजूला ठेवतो. राज्य शासनानं २०२३ मध्ये महिलांसाठी 'आई' नावाचं पर्यटन धोरण आणलं. त्यात पर्यटन व्यवसाय करणाऱ्या महिलेच्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज ठरावीक मर्यादेत शासन भरतं. मोहर्लीच्या खोल्या माझ्या मेहुणीच्या नावावर आहेत आणि कर्जही. योजना चांगली आहे. व्याज सरकार भरणार, मुद्दल मेहुणी भरणार, मेहुणीला पैसे पाहुणा देणार, आणि पाहुणा कोण आणणार? यादी. म्हणजे सगळ्या साखळीत ज्याची सही कुठेच नाही, त्याच्याच हातात शेवटची कडी. खोली चौथ्या पानावर गेली तेव्हा बँकेनं हप्ता चौथ्या पानावर नेला नाही.

घर नाहीसं होणं म्हणजे काय, हे घुग्घुसच्या माणसाला समजावून सांगायला नको. ऑगस्ट २०२२ मध्ये आमच्या आमराई वॉर्डातलं एक घर उभंच्या उभं जमिनीत गडप झालं. खाली जुनी भूमिगत कोळसा खाण होती. जीव वाचले, पण आजूबाजूच्या कुटुंबांना घरं सोडून हलावं लागलं. त्या दुःखाची आणि यादीतल्या घसरणीची बरोबरी मी करत नाही, कुणी करूही नये. फरक तेवढा सांगतो. त्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून आत बघता येत होतं. जमीन का खचली, खाली काय होतं, जाब कुणाला विचारायचा, हे निदान गावाला माहीत होतं. यादीतून घसरलेल्या घराखाली काय पोकळ होतं, ते बघायला काठच नाही.

आणि पोकळी नेहमी यंत्राचीच असते असंही नाही. बुकिंग डॉट कॉमवर निवडक घरं जादा कमिशन देऊन 'पसंतीचे भागीदार' होऊ शकतात. त्यांना अंगठ्याचं चिन्ह मिळतं आणि ती अधिक ठळक दिसतात. रिक्षावाल्याचं कमिशन आणि हे कमिशन यांत फरक इतकाच, की रिक्षावाल्याचं सगळ्या गावाला माहीत असायचं. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी रुपये दंड ठोठावला. त्यातला एक मुद्दा असा होता की ओयोशी झालेल्या करारापायी फॅबहॉटेल्स आणि ट्रीबो यांना यादीतून वगळलं गेलं. आदेशाविरुद्ध अपिलं झाली, पण यादीतली जागा ही कोट्यवधींची मालमत्ता असते हे सरकारी कागदावर आलं. फॅबहॉटेल्सकडे वकील असतात. मोहर्लीच्या दोन खोल्यांकडे एक कुलर असतो.

तेव्हा करायचं काय? युरोपात १२ जुलै २०२० पासून नियम लागू आहे की क्रम कोणत्या मुख्य गोष्टींवर लागतो हे अशा कंपन्यांनी व्यवसाय करणाऱ्याला आधी सांगितलं पाहिजे. आपणही मागे नाही. आपल्या २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांतही आहे की क्रम लावण्यातल्या मुख्य गोष्टी आणि त्यांचं सापेक्ष महत्त्व सर्वांना सहज सापडेल अशा ठिकाणी, साध्या आणि समजेल अशा भाषेत सांगावं. नियम ग्राहकासाठी आहे, पण वाचायला यजमानाला बंदी नाही. एअरबीएनबी सांगते की गुणवत्ता, लोकप्रियता, किंमत आणि ठिकाण यांना जास्त महत्त्व असतं. हे खरंच आहे. पण सावजी रश्शात काय घातलं असं विचारल्यावर 'तेल, तिखट, मसाला आणि पाणी' हेही खरंच असतं. त्यावरून रस्सा करता येत नाही, आणि रात्रभर पोटात आग का पडली तेही कळत नाही.

माझी मागणी समीक्षकाला शोभेल इतकी माफक आहे. पद्धत बदलायची असेल तर हंगामाच्या आधी सांगा, ऐन एप्रिलमध्ये नको. घर खाली गेलं तर का गेलं ते दोन ओळींत सांगा. आणि 'साधी, समजेल अशी भाषा' म्हणजे मोहर्लीत मराठी, हे एकदा मान्य करा.

यजमानांनाही एक सांगणं आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय पिढ्यान् पिढ्या पाहुणे शोधत आले ते वह्यांवर. गाव कोणतं, आडनाव काय, एवढे दोनच प्रश्न. पणजोबा आले होते ते पान पणतवाला उघडून दाखवतात. ती शोधपद्धत कुणी रात्रीतून बदलत नाही, कारण वही स्वतःच्या कपाटात असते. मेहुणीनं हल्ली अशी एक वही घातली आहे. येणाऱ्या पाहुण्याचं नाव, गाव, फोन, आणि तिखट किती चालतं. गेल्या हिवाळ्यात तिच्याकडे उतरलेल्यांत चार कुटुंबं या वहीतली होती.

"भाऊजी, वहीत पहिलं पान अन् चौथं पान सारखंच असते," ती म्हणाली.

ॲप तिनं सोडलेलं नाही. सोडून चालणारही नाही. चार कुटुंबांवर मुद्दल फिटत नाही, आणि महिन्याची पाच तारीख अजून कुठल्याही यंत्रानं चौथ्या पानावर नेलेली नाही.