नऊ कुत्री, एक निष्कर्ष आणि सलाईनची बाटली

गेल्या पावसाळ्यात आमच्या हॉस्टेलच्या गेटवरचं एक पिल्लू पार्व्होने आजारी पडलं. उलट्या, रक्ताचे जुलाब, डोळे खोल गेलेले. तिसऱ्या दिवशी सलाईन लावलेला पुढचा पाय सुजला, शीर दोरीसारखी टणक लागायला लागली. मी रात्री एक पेपर शोधला, फक्त सारांश वाचला आणि डॉक्टरांना ऐटीत मेसेज केला : "याचं रक्त जास्त गोठतंय. हेपरिन द्यायचं का?" उत्तर एका ओळीचं आलं : "तुलना कुणाशी केलीय, ते बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. म्हणून आज तोच पेपर तुमच्यासोबत परत वाचते.

सिंथिया ऑटो आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2000 साली अमेरिकेच्या पशुवैद्यक संघटनेच्या जर्नलमध्ये आला. पार्व्हो झालेली 9 कुत्री आणि त्याच वयाची 9 निरोगी कुत्री. आजारी नऊच्या नऊ कुत्र्यांमध्ये रक्त जास्त गोठत असल्याची चिन्हं दिसली. चौघांच्या कॅथेटरच्या जागी शिरेत गुठळी किंवा सूज होती.

गंमत अशी की, याच कुत्र्यांमध्ये एपीटीटी ही नेहमीची चाचणी थोडी लांबलेली होती, म्हणजे गोठायला उशीर! मग खरं काय? दही आठवा. विरजण लावल्यावर दही लागायला किती वेळ गेला हा एक प्रश्न, आणि ते किती घट्ट लागलं हा दुसरा. एपीटीटी पहिल्याचं उत्तर देते, तेही फक्त प्लाझ्मात. थ्रोम्बोइलॅस्टोग्राफी ही चाचणी अख्ख्या रक्तात गुठळीचा घट्टपणाही मोजते. या कुत्र्यांचं 'दही' जास्त घट्ट लागत होतं. दोन्ही चाचण्या शेजारी ठेवल्या, ही या पेपरची मोठी जमेची बाजू.

कारणही पटण्यासारखं आहे. पार्व्हो आतड्याचं अस्तर उद्ध्वस्त करतो आणि प्रथिनं गळायला लागतात. गोठणं आवरणारं अँटिथ्रॉम्बिन साधारण अल्ब्युमिनएवढं, म्हणजे लहान, ते निसटतं. फायब्रिनोजेन त्याच्या कितीतरी पट मोठं, शिवाय जळजळीत यकृत ते जास्तच बनवतं. ब्रेक गेला आणि ॲक्सिलरेटर दाबलेला.

आता माझे आक्षेप.

पहिला डॉक्टरांचाच. तुलना निरोगी कुत्र्यांशी आहे. दुसऱ्या कुठल्या कारणाने तसेच जुलाब होणारी कुत्री सोबत असती, तर हा पार्व्होचा गुण की कुठल्याही जबर आतड्याच्या आजाराचा, ते कळलं असतं. इथे ते कळत नाही.

दुसरा, 'गुठळी किंवा सूज' हे एकाच आकड्यात घातलंय. शिरेची सूज जंतुसंसर्गानेही येते, सुई घासूनही येते. आणि रक्ताचा दोष की कॅथेटरचा, हे ठरवायचं तर कॅथेटर लावलेल्या इतर रुग्णांशी तुलना हवी.

तिसरा मला सर्वात महत्त्वाचा वाटतो : सलाईन. रक्तस्राव आणि सलाईन या दोन्हींमुळे लाल पेशींचं प्रमाण उतरतं. आणि लाल पेशी कमी असल्या की थ्रोम्बोइलॅस्टोग्राफीत गुठळी आहे त्यापेक्षा घट्ट दिसते, हे कुत्र्यांच्या रक्तावर नंतरच्या कामात दिसलंय. म्हणजे त्या 'घट्ट दह्या'चा काही भाग यंत्राचा भास असू शकतो. सलाईनने अँटिथ्रॉम्बिनही विरळ होतं. म्हणून अशा अभ्यासात रक्त सलाईनच्या आधी घेतलं की नंतर, हा प्रश्न पहिला विचारायचा.

मग सगळंच खोटं का? नाही. नुसतं पाणी मिसळलं असतं तर फायब्रिनोजेनही खाली गेलं असतं. ते वर गेलं, आणि ते प्लाझ्मात मोजतात, तिथे लाल पेशींचा गोंधळ नाही. निष्कर्षाचा गाभा मला टिकाऊ वाटतो. त्यावरून औषध ठरवण्याइतका मात्र तो मोठा नाही.

यातून 'सलाईन घातक' असा अर्थ कृपया काढू नका. पार्व्होचं पिल्लू आधी पाणी आणि क्षार गमावून मरतं. रिंगर लॅक्टेटसारखं साधं द्रावण हाच उपचाराचा कणा आहे. गोठण्यात जास्त ढवळाढवळ करतात ती स्टार्चची द्रावणं. माणसांसाठी युरोपीय संघाने ती 2022 मध्ये निलंबित केली, अर्थात मुख्यतः किडनीला होणारी इजा आणि मृत्यूचा धोका यामुळे. आणि घरी ॲस्पिरिन तर अजिबात नको, आधीच सोललेल्या आतड्यात त्याने रक्तस्राव वाढतो. सलाईनची जागा रोज बघा. सुजली, गरम लागली तर लगेच सांगा.

आमच्या डॉक्टरांनी तेच केलं. सुई काढून दुसऱ्या पायात लावली, सलाईन चालू ठेवलं, हेपरिन दिलं नाही. पिल्लू वाचलं. आता गेटवर सगळ्यांवर भुंकतं. पण नऊ कुत्र्यांवर एवढं बोलल्यावर एका पिल्लावरून मी निष्कर्ष काढणार नाही. तुम्हीही काढू नका. लस मात्र वेळेवर द्या.