भोंगा थांबला, जमीन राहिली : नगर जिल्ह्यातील बंद साखर कारखाने आणि आपले लेखन

मराठीत उद्योग बंद पडण्याविषयी जे कसदार लिहिले गेले, ते बहुतेक मुंबईच्या गिरण्यांविषयी आहे. १९८२चा संप आणि त्यानंतरची घरांची वाताहत जयंत पवारांच्या ‘अधांतर’सारख्या नाटकामुळे गिरणगाव न पाहिलेल्या वाचकाच्याही ओळखीची झाली. त्यातून समीक्षेला मात्र एक सवय लागली. भोंगा थांबतो, दाराला कुलूप लागते, कामगार देशोधडीला लागतो आणि गिरणीच्या जागी टॉवर उभा राहतो, हा क्रम आपण गृहीत धरतो. नगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) साखर कारखान्यांना तो लावून पाहिला तर जुळत नाही. जुळत नाही म्हणूनच की काय, ग्रामीण साहित्याच्या चर्चेने या प्रकरणाकडे फारसे वळून पाहिलेले नाही.

दुसरी तक्रार सहकाराच्या गौरवग्रंथांविषयी. त्यांत जिल्ह्याचा साखर-इतिहास १९५०-५१च्या हंगामात, लोणीला प्रवरा कारखान्याचे गाळप सुरू झाले तेथून उघडतो. ‘आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना’ हे बिरुद ठरलेले. आंध्रातील एटिकोप्पाका येथे १९३३मध्येच सहकारी साखर कारखान्याची संस्था निघाली होती, हे या ग्रंथांना ठाऊक नसते किंवा सोयीचे नसते. यामुळे विठ्ठलराव विखे पाटलांचे किंवा पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळांचे काम तसूभरही कमी होत नाही. झाकली जातात ती त्याआधीची तीस वर्षे.

१९१९मध्ये ब्रॅडी या इंग्रजी पेढीच्या व्यवस्थापनाखाली बेलापूर कंपनी स्थापन झाली आणि हरेगावला कारखाना उभा राहिला. भंडारदऱ्याचे धरण १९२६मध्ये पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले. दौंड-मनमाड लोहमार्गावरचे बेलापूर रोड स्टेशन पुढे श्रीरामपूर झाले, बाजारपेठ झाले. १९३२च्या कायद्याने देशी साखरेला संरक्षण मिळताच टिळकनगरला डहाणूकरांचा कारखाना निघाला (१९३३). गोदावरीच्या कालव्यांवर सोमय्यांची साकरवाडी, लक्ष्मीवाडी आणि पुणतांब्याजवळचे चांगदेवनगर ही त्याच लाटेतली. या कारखान्यांनी नुसती यंत्रे आणली नाहीत. हजारो एकरांचे मळे केले. काही जमिनी सरकारमार्फत आल्या (‘आकारी पडीक’ जमिनींचा वाद त्यातूनच जन्मला), तर पुष्कळशा शेतकऱ्यांकडून दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या. मळ्यांवर दूरदूरचे मजूर आले, त्यांत दलित फार मोठ्या संख्येने. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत वतनदार महारांची परिषद डिसेंबर १९३९मध्ये हरेगावलाच भरली, हा योगायोग नव्हे. आजही मतमाउलीच्या यात्रेला दर सप्टेंबरात हरेगावी लोटणारी गर्दी पाहिली की या वस्तीची मुळे कुठवर गेली आहेत ते कळते.

येथे गाडगीळांविषयी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. हिंदुस्थानच्या औद्योगिक उत्क्रांतीवरच्या त्यांच्या १९२४च्या इंग्रजी ग्रंथात शहरी हस्तव्यवसाय कसे ढासळले याचे विवेचन आहे. त्या ढासळण्याचा एक अध्याय नगरमध्येच, नगर-भिंगारच्या हातमागांवर घडत होता. मिशनऱ्यांपैकी चर्चिल नावाच्या अभियंत्याने वेगवान हातमाग तयार करून पाहिला, तरी मागाची घसरण टळली नाही. पद्मशाली घरांतल्या बायका विड्या वळू लागल्या. जुने उद्योग मरताना अभ्यासलेला माणूस पुढे त्याच जिल्ह्यात नव्या कारखान्याचा अध्यक्ष होतो, हे मला कोणत्याही गौरवग्रंथातल्या प्रसंगापेक्षा बोलके वाटते. आपल्या चरित्रलेखनाला त्यात नाट्य दिसू नये, याचे नवल आहे.

आता खासगी कारखान्यांच्या शेवटाकडे येऊ. १९६१चा कमाल जमीनधारणा कायदा आला, कारखान्यांच्या मळ्यांच्या जमिनी सरकारजमा झाल्या आणि १९६३मध्ये त्या कसण्यासाठी शेती महामंडळ स्थापन झाले. कूळकायद्याची एरवीची भाषा येथे उलटी झाली होती. जमीन कसणारे कूळ म्हणजे बडी कंपनी आणि मालक म्हणजे पाच-दहा एकरांचा शेतकरी. कमाल धारणा मोजली कंपनीची, जमीन गेली शेतकऱ्याची. ‘खंडकरी’ हा शब्द त्या लढ्यातून घडला. जमिनी प्रत्यक्ष परत मिळू लागल्या त्या २०१२च्या सुमारास, म्हणजे अर्धे शतक उलटल्यावर. दरम्यान भोवताली सहकारी कारखाने वाढले, उसासाठी ओढाताण वाढली आणि हरेगाव-टिळकनगरचे साखरेचे गाळप थांबले.

पण कारखाने पूर्ण मेले नाहीत, हे गिरणगावाच्या चष्म्यातून सुटते. तोडलेला ऊस लवकर गाळावाच लागतो, नाहीतर उतारा घसरतो; म्हणून साखरेला हाताशी जमीन आणि पाणी लागते. मळी आणि मद्यार्क टँकरने कुठूनही आणता येतात. टिळकनगरला साखर गेली, मद्यनिर्मिती राहिली. सोमय्यांचे ऊस-गाळप कर्नाटकात समीरवाडीला गेले, साकरवाडीत मद्यार्कापासून रसायने होत राहिली. माझे वाचन असे, की उद्योग येथे बंद पडला नाही, तो जमिनीपासून सुटला. धुराडे दिसते म्हणून सारे ठीक असे समजणारा आणि गाळप थांबले म्हणून सारे संपले असे लिहिणारा, दोघेही फसतात.

सुटला तो मजूर. मालक शेतकऱ्याला निदान ‘खंडकरी’ हे नाव मिळाले, संघटना मिळाली, कायद्यात दुरुस्ती मिळाली. मळ्यांवर दोन-तीन पिढ्या राबलेल्यांची मागणी राहत्या घराच्या गुंठ्या-दोन गुंठ्यांची. त्यांना वेगळे नावही नाही. जमीन परत करण्याची भाषा न्यायाची आहे, परंतु ज्याच्याकडून कधी काही घेतलेच नाही, कारण त्याच्याजवळ काही नव्हतेच, त्याला त्या भाषेत जागा सापडत नाही. रंगनाथ पठारे यांच्या ‘ताम्रपट’ने या मुलखातल्या सत्तेची वीण दाखवली. मळ्यावरच्या चाळीची कादंबरी मात्र माझ्या वाचनात अजून आलेली नाही.

सहकाराचाही आता उतार सुरू आहे. जगदंबा कारखाना ‘अंबालिका’ झाला, पारनेरचा लिलावात खासगी कंपनीकडे गेला, राहुरीचा तनपुरे कारखाना बंद-चालू-बंद होत राहिला. यावरचे लेख बहुधा कोणत्या पुढाऱ्याने काय केले याभोवती फिरतात. मला पाहावेसे वाटते ते सभासदाच्या भागाचे, कारखान्याखालच्या जमिनीचे आणि थकलेल्या पगाराचे काय झाले ते. त्यातही पाथर्डीहून बैलगाडी घेऊन निघणाऱ्या ऊसतोड कुटुंबाचा हिशेब वेगळा मांडावा लागेल. कालव्याच्या उत्तरेत कारखाना कोणाच्याही मालकीचा झाला, तरी जिरायती दक्षिणेतल्या त्या कुटुंबाची उचल, कोयता आणि सहा महिन्यांची खोपी तीच राहते.