पत्ता बरोबर होता : एका छोट्या पत्रकादंबरीबद्दल

आज ज्या पुस्तकाबद्दल आपण बोलणार आहोत, ते वाचायला तासभर पुरतो. आम्ही काही जणांनी ते एकत्र बसून मोठ्यानं वाचलं. एकानं मॅक्सची पत्रं वाचायची, दुसऱ्यानं मार्टिनची. वाचन संपलं तेव्हा दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. आमच्यातल्याच एक बाई म्हणाल्या, "टाळ्या कशाला? माणूस मेलाय." त्यानंतर जो वाद झाला, तोच आज तुमच्यापुढे ठेवायचा आहे.

पुस्तकाचं नाव 'अ‍ॅड्रेस अननोन'. लेखिका कॅथरिन क्रेसमन टेलर, अमेरिकन. 'स्टोरी' या मासिकात सप्टेंबर १९३८ मध्ये ते पहिल्यांदा आलं आणि पुढच्या वर्षी पुस्तक म्हणून निघालं. हे लेखन बाईच्या नावावर छापायला फार जहाल आहे, असं संपादकांना आणि लेखिकेच्या यजमानांना वाटलं. म्हणून 'कॅथरिन' गाळलं आणि फक्त 'क्रेसमन टेलर' छापलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचं आहे.

कथा थोडक्यात सांगतो. मॅक्स आयझेनस्टाइन आणि मार्टिन शुल्झ हे सॅन फ्रान्सिस्कोतले दोघे भागीदार, चित्रांची गॅलरी चालवणारे. मॅक्स ज्यू आहे, मार्टिन जर्मन. १९३२ साली मार्टिन बायकामुलांना घेऊन म्युनिकला परततो. नोव्हेंबर १९३२ ते मार्च १९३४ या काळातली त्यांची पत्रं, एवढीच कादंबरी. मध्ये निवेदक नाही, वर्णन नाही. सुरुवातीला गिऱ्हाइकांच्या गमती, घरची ख्यालीखुशाली, एकमेकांची आठवण. मग हिटलरचा विषय निघतो. मार्टिन आधी शंका काढतो, हा माणूस डोक्यानं ठीक आहे ना, असं मित्राला हळूच विचारतो. नंतर शंका विरते आणि जुलै १९३३ मध्ये तो स्पष्ट लिहितो की पत्रव्यवहार थांबवू या. लिहायचंच असेल तर घरी नको, बँकेच्या पत्त्यावर लिही.

मॅक्सची बहीण ग्रिझेल नटी आहे. एके काळी तिचे आणि मार्टिनचे प्रेमसंबंध होते. ती बर्लिनच्या रंगभूमीवर उतरते. मॅक्सनं तिला पाठवलेलं पत्र शिक्का मारून परत येतं. घाबरलेला मॅक्स मार्टिनला विनवतो, तिला सांभाळ. उत्तर येतं की ती मेली. पाठलाग चुकवत ती मार्टिनच्या दारापर्यंत आली होती आणि मार्टिननं तिला आत घेतलं नव्हतं.

आणि मग मॅक्स पुन्हा पत्रं लिहायला लागतो. यावेळी घरच्या पत्त्यावर. मजकूर प्रेमाचा, आपुलकीचा. त्यात चित्रांची मापं आणि रंग, जणू सांकेतिक निरोपच. त्यात 'आपल्या' आजीचा उल्लेख, जणू मार्टिनही ज्यू घरातलाच. मार्टिन काकुळतीला येतो, जुन्या मैत्रीची शपथ घालतो. पत्रं थांबत नाहीत. शेवटचं पत्र परत येतं, त्याच शिक्क्यानिशी.

आता बघा, हा प्रकार शक्य कसा झाला? राइशस्टाग २७ फेब्रुवारी १९३३ ला जळालं. दुसऱ्याच दिवशी निघालेल्या वटहुकमानं नागरिकांचे बरेच हक्क गोठवले, आणि त्यात टपालाची गुप्तताही गेली. म्हणजे त्यानंतर जर्मनीत जाणाऱ्या प्रत्येक पत्राला तिसरा वाचक असू शकत होता. पत्रकादंबरी हा प्रकार जुना आहे, आणि त्यात आपण वाचक दुसऱ्याची पत्रं चोरून वाचत असतो. इथे आपल्याआधी सरकार ती वाचतं. मॅक्सची शेवटची पत्रं मार्टिनच्या नावानं आहेत, पण लिहिलेली आहेत त्या तिसऱ्या वाचकासाठी. आम्हाला वाटतं, या पुस्तकाची खरी ताकद इथे आहे. लेखिकेनं पत्र या प्रकाराचा केवळ वापर केला नाही. पत्र हेच हत्यार केलं.

एक आक्षेप आमच्यातही निघाला, आणि तो नेहमी घेतला जातो. मार्टिन फार झटपट बदलतो, इतक्या वर्षांचा मित्र आठ-नऊ महिन्यांत असा कसा उलटेल? याला आमचं उत्तर असं की तारखा शेजारी ठेवून बघा. ३० जानेवारी १९३३, हिटलर चॅन्सेलर. फेब्रुवारीअखेर वटहुकूम. २२ मार्चला म्युनिकजवळच दाखाऊची छावणी उघडली. १ एप्रिलला ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार. ७ एप्रिलच्या कायद्यानं ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढायला सुरुवात झाली. मार्टिनचा शंका ते नकार हा प्रवास याच महिन्यांत घडतो. माणूस झटपट बदलला असं आपल्याला वाटतं, कारण त्याच्याभोवतीचं सगळं किती झटपट बदललं ते आपण विसरलेलो असतो. आणि मार्टिन दुष्ट म्हणून बदलत नाही. त्याला मोठं घर मिळालंय, नोकरचाकर मिळालेत, पद मिळालंय. त्याला फक्त ते टिकवायचंय. हे ओळखीचं आहे की नाही, तुम्हीच ठरवा.

आणखी एक तारीख. हे लेखन सप्टेंबर १९३८ मध्ये छापून आलं. नोव्हेंबर १९३८ मधली ती कुप्रसिद्ध रात्र, जेव्हा जर्मनीभर सिनेगॉग जाळले गेले, ती अजून यायची होती. संहाराच्या छावण्या तर पुढेच. तरी अमेरिकेत बसलेल्या एका बाईला जे दिसलं ते पुरेसं होतं. 'आम्हाला काही कल्पना नव्हती' असं नंतर पुष्कळांनी म्हटलं. हे पुस्तक त्या वाक्याविरुद्धचा एक छोटा पुरावा आहे.

आता मूळ वादाकडे येऊ. मॅक्सनं केलं ते योग्य की अयोग्य?

टाळ्या वाजवणाऱ्यांचं म्हणणं साधं होतं. मॅक्सपुढे कोर्ट नव्हतं, पोलीस नव्हते, वकील नव्हता. त्याच्या बहिणीच्या खुनाची तक्रार घ्यायला जगात कुणीच बसलेलं नव्हतं. मग त्यानं काय करायचं? हे म्हणणं खोडता येत नाही, आणि खोडायची आमची इच्छाही नाही.

पण त्या बाईंचा मुद्दाही नीट ऐका. त्या म्हणाल्या, मार्टिननं ग्रिझेलला मारलं नाही, त्यानं फक्त दार लावलं. पुढचं काम दुसऱ्यांनी केलं. मॅक्सनंही मार्टिनला मारलं नाही, फक्त पत्रं लिहिली. पुढचं काम त्याच लोकांनी केलं. दोघांचे हात स्वच्छ, आणि यंत्र एकच. मॅक्सची युक्ती लागू पडते, कारण त्या राजवटीचा द्वेष घड्याळासारखा बिनचूक चालतो. मार्टिनला संपवायला त्याला कागदावर 'ज्यू' केलं की झालं. ज्या शब्दानं बहीण मेली, तोच शब्द मॅक्स वापरतो.

आणि मार्टिननं दार लावताना कारण काय दिलं होतं? बायको आजारी होती, तान्हं मूल होतं. मॅक्सची पत्रं त्याच घरी जातात. त्या बायकोचं, त्या मुलांचं पुढे काय झालं? कादंबरी गप्प आहे.

आमचं मत विचाराल तर, दोघांचा गुन्हा सारखा नाही. ग्रिझेलनं काही केलं नव्हतं, मार्टिननं केलं होतं. हा फरक पुसला तर आपणही अन्यायच करू. पण टाळी वाजवताना आपल्याला जो आनंद झाला, त्याची चौकशी व्हायला हवी. मॅक्सला स्वतःला आनंद झाला असं पत्रांत कुठेच दिसत नाही. मॅक्सचं मन आपल्याला दिसतच नाही, कारण त्याची शेवटची सगळी पत्रं नाटक आहेत. पहिल्या पत्रातले प्रेमाचे शब्द आणि शेवटच्या पत्रातले प्रेमाचे शब्द जवळपास तेच, आणि आता त्यांच्यात विष आहे. मैत्री मेली ती मार्टिनच्या जुलैच्या पत्रात. मैत्रीची भाषा मेली ती मॅक्सच्या पत्रांत. मॅक्सनं सूड घेतला, पण 'प्रिय मित्रा' हे शब्द त्याला आता कुणालाच सहज लिहिता येणार नाहीत.

पुस्तकात एक उणीव मात्र आहे आणि ती आम्ही झाकणार नाही. ग्रिझेलचं एकही पत्र यात नाही. सगळं तिच्यावरून घडतं, पण ती बोलते ती दोन पुरुषांच्या पत्रांतून. आणि कव्हरावर लेखिकेचंही पहिलं नाव नव्हतं. दोन्ही गोष्टींचा थेट संबंध आहे असा आमचा दावा नाही, पण वाचताना दोन्ही एकदम खटकतात.

शेवटी शिक्क्याबद्दल. इंग्रजी नाव म्हणतं, पत्ता अज्ञात. पण परत आलेल्या पाकिटावरचा जर्मन शिक्का आहे 'आड्रेसाट उनबेकांट'. त्याचा नेमका अर्थ, ज्याला पत्र लिहिलं तो माणूस अज्ञात. पत्ता अगदी बरोबर होता. घर होतं, दार होतं. माणूसच नाहीसा केला होता. मराठीत 'त्याचा पत्ताच नाही' म्हणतो तेव्हा आपणही घराबद्दल बोलत नसतो, माणसाबद्दल बोलत असतो.

तेव्हा सुचवणं एवढंच, की हे पुस्तक एकट्यानं वाचू नका. दोघं मिळून मोठ्यानं वाचा आणि अर्ध्यावर भूमिका बदला. मार्टिन वाचणाऱ्यानं शेवटी मॅक्स वाचावा. आम्ही दुसऱ्यांदा तसं केलं. त्या वेळी टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.