शिंग, पंख आणि पाखर

रेल्वेरुळांपलीकडील गुढियारीतल्या एका दुकानी शाळेची वही घेत असता आमच्या कन्येने मुखपृष्ठावरील पंख असलेल्या एकशिंगी घोड्याकडे बोट दाखवून विचारले, "बाबा, ह्याला आपल्यात काय म्हणतात?" दुकानदार 'उड़न घोड़ा' म्हणून मोकळा झाला. शेजारी उभे असलेले बंगाली गृहस्थ 'पक्षीराज' म्हणाले. आम्ही मात्र निरुत्तर! पक्षिराज म्हणजे आपणांस गरुड, घोडा नव्हे. घरी येईतो 'सपक्ष एकशृंग अश्व' असे काहीसे जुळविले. पण ते नाव नव्हे, पंचनामा होता. दिवसभर कचेरीत परिभाषा हाताळणाराच्या हातून दुसरे काय निपजणार? मुलीने तो शब्द पुन्हा उच्चारला नाही.

इंग्रजी मुले ह्या प्राण्यास 'ॲलिकॉर्न' म्हणतात. ह्या शब्दाची कुळकथा मोठी गमतीची आहे. लॅटिन 'युनिकॉर्निस' म्हणजे एकशिंगी; त्याचेच बोलीत झिजून इटालियन 'अलिकॉर्नो' झाले. ओडेल शेपर्ड ह्यांनी १९३० साली एकशिंग्यावर जो ग्रंथ लिहिला, त्यात त्यांनी 'ॲलिकॉर्न' हा शब्द केवळ शिंगासाठी योजिला. औषधी म्हणून सोन्याच्या मोलाने विकले जाणारे ते शिंग बहुधा नारव्हाल नामक समुद्रप्राण्याचा दात असे, हे वेगळेच! पुढे 'अला' म्हणजे पंख ह्या लॅटिन शब्दाचा भास त्यात होऊ लागला, आणि शिंगाचे नाव पंखवाल्या घोड्यास चिकटले. २०१० साली सुरू झालेल्या एका अमेरिकन बालचित्रमालिकेने ते घरोघरी पोचविले. म्हणजे शब्दात पंख मुळी नव्हताच. कानाने तो बसविला.

आपल्याकडे कोणी 'शरभ' सुचवील. अमरकोशात शरभ साध्या पशूंच्या यादीत येतो. महाभारतात तो आठ पायांचा, सिंहास मारणारा होतो. नरसिंहास शांत करण्यासाठी शिवाने शरभरूप घेतल्याच्या पुराणकथेत त्यास पंख फुटतात. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर हत्ती दाबून धरणारा तो हाच. परंतु असला उग्र पशू मुलीच्या वहीवर कसा शोभावा? शिवाय तो घोडाही नव्हे. उच्चैःश्रवा घोडा खरा. पण तो एका विशिष्ट अश्वाचे नाव. तथापि आपल्या अश्वशास्त्रात एक सुंदर कथा आहे: पूर्वी सर्वच घोड्यांना पंख होते, आणि इंद्राच्या सांगण्यावरून शालिहोत्राने ते छाटले. ज्या परंपरेत प्रत्येक घोडा हा पंख गमावलेला घोडा आहे, तीत ह्या प्राण्यास नाव नसावे, ह्याची आम्हांस खंत वाटते.

आम्हांस 'पाखऱ्या' हा शब्द रुचतो. पाखर म्हणजे युद्धातील घोड्याचे चिलखत, प्राकृतातले 'पक्खर'. पाखराशी त्याचे नाते नाही. तरी 'मायेची पाखर' म्हणताना कोणाच्या डोळ्यांपुढे लोखंड येते? पिल्लांवर पसरलेला पंखच येतो. मराठी कानाने येथे तेच केले आहे, जे 'ॲलिकॉर्न'च्या बाबतीत इंग्रजी कानाने केले. शिंग सुटले अशी तक्रार कोणी करील. ती आम्हांस मान्य आहे. पण मुलगी दोन दिवस हा शब्द म्हणत आहे. इंदूर, बडोदे वा हैदराबाद येथील वाचकांच्या घरी ह्याहून जुने नाव बोलले जात असल्यास त्यांनी ते ह्या पानांतून अवश्य कळवावे.