खाद्यनामे आणि वारसा : मनिला नगरीच्या संदर्भात

मनिला नगरीच्या जुन्या वस्त्यांतून प्रवाशांना हिंडविणाऱ्या वारसा-फेऱ्यांचे निवेदन बहुधा एका ठराविक सूत्रावर उभे असते. पासिग नदीच्या दक्षिणेचे तटबंद इंत्रामुरोस म्हणजे स्पेन, उत्तरेचे बिनोन्दो म्हणजे चीन, आणि ताटातील पदार्थाचे कुळ त्याच्या नावात. पहिली दोन विधाने ढोबळ असली तरी निराधार नाहीत. 1571 मध्ये लेगास्पीने मनिला स्पेनच्या अमलाखाली आणली, आणि 1594 मध्ये ख्रिस्ती झालेल्या चिनी लोकांसाठी बिनोन्दोची वसाहत स्थापन झाली. तिसरे विधान मात्र भाषाशास्त्राच्या कसोटीस उतरत नाही. आणि नेमका त्याच्यावरच या निवेदनाचा सारा भर असतो.

'आदोबो' हा शब्द निःसंशय स्पॅनिश आहे. तेवढ्यावरून पदार्थही स्पेनमधून आला, असे सांगण्यात येते. वस्तुतः शिरका व मीठ घालून मांस शिजविण्याची आणि टिकविण्याची रीत या बेटांवर स्पॅनिश अमलापूर्वीची आहे. 1613 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सान बुएनाव्हेंतुरा यांच्या तगालोग कोशात तिची नोंद 'एतद्देशीयांचा आदोबो' अशा आशयाने आढळते. परक्याने अनोळखी वस्तूस आपल्या घरचे नाव दिले आणि तेच पुढे रूढ झाले. शब्द आला म्हणून पाककृती आली, असे होत नाही. मराठी वाचकासही हा मोह पडण्यासारखा आहे, कारण फिलिपिनी ताटातील 'आत्सारा' आपल्या परिचयाच्या 'अचार' या शब्दाचाच आप्त. पण कच्च्या पपईचा कीस शिरक्यात व साखरेत मुरविलेला हा पदार्थ चाखणारा त्यास लोणचे म्हणण्यापूर्वी क्षणभर थबकेल.

'पान्सीत' या शब्दाचा प्रकार याहून सूक्ष्म आहे. होक्कियन बोलीतील मूळ शब्दसमूहाचा अर्थ चटकन सिद्ध होणारे अन्न एवढाच. त्यात शेवयांचा निर्देश नाही. अर्थसंकोच मागाहून झाला. होसे रिसाल यांच्या 'एल फिलिबुस्तेरिस्मो' (1891) या कादंबरीत मनिलातील विद्यार्थी एका पान्सीतगृहात जमतात. तेथे असा विनोदी तर्क लढविला जातो की, पान्सीत हा चिनी वा जपानी पदार्थ समजला जातो, पण तो त्या दोन्ही देशांत ठाऊक नसल्यामुळे फिलिपिनीच असला पाहिजे. थट्टेचा रोख अर्थातच पुढे वसाहतीच्या राज्यकारभाराकडे वळतो. तरीही पदार्थाचे मूळ शब्दात न शोधता तो कोठे रांधला व खाल्ला जातो हे पाहण्याची ही दृष्टी आजच्या कित्येक मार्गदर्शकांपेक्षा शास्त्रशुद्ध म्हणावी लागते.

व्युत्पत्ती निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. ती पदार्थाचे कुळ सांगत नसली तरी नाव कोणी कोणासाठी ठेवले हे पुष्कळदा सांगते. 'पान्सितेरिया' या शब्दात होक्कियन प्रकृतीस स्पॅनिश प्रत्यय जोडला आहे. 'लुम्पियांग सारिवा' या नावात होक्कियन 'लुम्पिया'स तगालोगचा संयोजक '-ंग' लागला आहे. स्पॅनिश काळातील चिनी भोजनगृहांत परतलेल्या भातास 'मोरिस्केता तोस्तादा' म्हणत. रांधणारा चिनी, पण पदार्थपत्रिका गिऱ्हाइकाच्या भाषेत! येथे नाव स्वयंपाकघराविषयी फारसे बोलत नाही, बाजाराविषयी आणि सत्तेविषयी बोलते. वारसा-फेरीत सांगण्यासारखे असेल तर ते हेच, आणि तेच गाळले जाते.

विशेष म्हणजे दगडांच्या बाबतीत हे निवेदन असे भोळे नाही. 1945 च्या लढाईत इंत्रामुरोस जवळजवळ उद्ध्वस्त झाले. 1607 मध्ये पूर्ण झालेले सान आगुस्तीन चर्च वाचले. 'कासा मनिला' ही वास्तू 1980 नंतरच्या दशकात जुन्या घराच्या धर्तीवर उभारली गेली. अस्सल कोणते आणि नव्याने रचलेले कोणते, हे तेथे काळजीपूर्वक सांगितले जाते. नदी ओलांडून बिनोन्दोत आल्यावर मात्र तोच मार्गदर्शक पुढ्यात आलेल्या 'आरोस काल्दो'ला, म्हणजे कोंबडी व आले घातलेल्या तांदळाच्या चिनी धाटणीच्या पेजेला, केवळ नावावरून स्पॅनिश ठरवून मोकळा होतो.